डोळ्यातला मागचा पापुद्रा

आमची करी रोडची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, आईबाबा वरच्या मजल्यावरच्या नव्या घरात राहायला गेले, आणि त्या घरात इतका उजेड होता की आईला दिसेनासं झालं.

हे मी कुणाला सांगितलं की त्याला वाटतं, माझ्या बोलण्यात काहीतरी उलटसुलट झालं. पण झालं तसंच. चाळीतल्या खोलीत भरदिवसा बल्ब लावावा लागे. त्याच खोलीत बसून आईने दादरच्या एका दुकानासाठी वर्षानुवर्षं साड्यांना फॉल-बिडिंग केलं. सुईत दोरा ओवायला शेजारच्या बायका गॅलरीत येत. आई उलट आत जाऊन कपाटाच्या आडोशाला बसे. "उजेडात माका दिसणा नाय," म्हणायची. शेजारणी हसत, आम्हीही हसायचो. नव्या घरात स्वयंपाकघराला भिंतभर खिडकी होती. पाहुणे येत, खिडकीपाशी उभे राहून उजेडाचं कौतुक करत, आणि त्यांची पाठ वळली की आई पडदा ओढून घेई.

तिला बघायला एकच डोळा होता, उजवा. डावा पूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनात गेला होता. मी तेव्हा कॉलेजात होते. भिंगाचा तुकडा डोळ्याच्या आतच मागे पडला, पुढे डोळ्याचा आतला पडदा सुटला, पुन्हा एक ऑपरेशन झालं, त्याचाही उपयोग झाला नाही. त्या पहिल्या दिवशी डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन काय म्हणाले ते बाबांनाच ठाऊक. बाबा तेव्हा गिरणीत होते, पाळी बदलून आले होते. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "टेबलावर ही हलली."

तेव्हापासून ते वाक्य आमच्या घरातच राहायला आलं. बाबा काही वाईट मनाने म्हणत नसत. गावाहून कोणी आलं, आईच्या डोळ्याचं विचारलं, की बाबा पाण्याचा तांब्या पुढे करत शांतपणे सांगत, "सगळा बरां चल्लला, पण ही हलली." आई तेव्हा पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठत असे.

आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय हे कळल्यावरही तिने त्याचं नाव काढू दिलं नाही. "असात तेवढो उजेड माझो," म्हणायची. "तो पण घालवूचो नाय."

एका सकाळी तिने चहासाठी गॅस पेटवला. पडदा उघडा राहिला होता आणि ऊन थेट ओट्यावर आलं होतं. त्या उन्हात निळी ज्योत तिला दिसली नाही. पेटला नाही असं वाटून ती वाकून बघायला गेली आणि पदर बर्नरवर गेला. बाबा शेजारीच दात घासत होते म्हणून निभावलं. त्यांनी बेसिनवरचा ओला टॉवेल घेऊन तिला मागून मिठीच मारली. मी लालबागला राहते, फोन आल्याबरोबर धावत गेले. आई खुर्चीत बसली होती. हातावर चट्टा उठला होता, साडीचा काठ जळून गोळा झाला होता, आणि ती पुन्हापुन्हा एकच सांगत होती, "पेटलोच नव्हतो गो. माका वाटला पेटलोच नाय."

त्या दिवशी ती पहिल्यांदा डॉक्टरकडे यायला तयार झाली.

आमच्या घरातल्या सगळ्यांचे चष्मे ठाकूरद्वारच्या एका वयस्कर डॉक्टरांकडे ठरलेले. आईला मी त्यांच्याकडेच नेलं. त्यांनी बाहुली मोठी करायचं औषध घातलं, दिवे मालवले आणि बराच वेळ तपासलं. इतका वेळ, की मला त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकू यायला लागला. मग दिवा लावून ते खुर्चीत मागे टेकले.

"हा साधा मोतीबिंदू नाही," ते मला म्हणाले. "आणि डोळा एकच आहे. मी यात हात घालणार नाही."

"म्हणजे ऑपरेशन होणारच नाही?"

"होईल. पण आत काय आहे ते काम चालू असताना बघता येईल, अशा ठिकाणी व्हायला हवं. माझ्याकडे ते नाही." त्यांनी दादरच्या एका डॉक्टरबाईंचं नाव लिहून दिलं.

टॅक्सीत आईचा चेहरा हलका झाला होता. "बघ," म्हणाली, "ते पण नको म्हणाले."

दादरला नेण्यासाठी मला आठवडाभर भांडावं लागलं. शेवटी बाबा म्हणाले, "नुसतां दाखव. कापूक कोण सांगता तुका?" आणि तेही आमच्याबरोबर आले.

डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी मशीनकडे न नेता स्टूल आईच्या अगदी जवळ ओढलं आणि विचारलं, "काकू, उन्हात जास्त दिसतं की सावलीत?"

आईने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"सावलीत," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. लहान असल्यापासून."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. मग तपासणी, मग एका मशीनसमोर हनुवटी टेकवून स्कॅन. "ही प्रकाशाने केलेली सोनोग्राफी समजा," त्या म्हणाल्या. "डोळ्याला हात लागत नाही." आणि त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली.

मी परळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी फळ्यावर डोळ्याची आकृती काढते. पण माझ्या आईचा डोळा असा कापलेल्या कांद्यासारखा, थरांथरांत, काळ्या पार्श्वभूमीवर करड्या रेघांनी काढलेला मी प्रथमच पाहत होते.

"हे भिंग," त्यांनी पेनच्या टोकाने दाखवलं. "ते एका पिशवीत असतं. पिशवी म्हणजे काय, कांद्याच्या दोन पाकळ्यांमध्ये जो पातळ पापुद्रा असतो ना, त्याहून पातळ. मोतीबिंदू काढायचा म्हणजे पिशवी तशीच ठेवून आतलं भिंग काढायचं आणि त्याच पिशवीत नवीन लेन्स बसवायची. काकूंचा मोतीबिंदू हा असा, बरोबर मध्यावर, पिशवीच्या मागच्या पापुद्र्याला चिकटलेला. जन्मापासून. ऊन आलं की बाहुली बारीक होते आणि समोर फक्त हा ठिपका उरतो. म्हणून उजेडात दिसत नाही."

"आणि तो काढताना?" मी विचारलं.

"तीच तर भीती. जिथे तो चिकटलाय तिथे पापुद्रा कच्चा असतो. काहींच्या बाबतीत तर तिथे पापुद्रा नसतोच, जन्मतःच भोक असतं. नेहमीच्या पद्धतीने आत पाणी सोडून भिंग सुटं करायला गेलं की पापुद्रा टर्रकन फाटतो आणि भिंग मागे पडतं." त्या थांबल्या. "असा मोतीबिंदू बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत असतो. डाव्या डोळ्याचं काय झालं होतं?"

मग बाबांनी घसा साफ केला. "ऑपरेशन चाललं होतं," ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "आणि ही हलली."

"भिंग मागे पडलं?"

"तसंच म्हणाले."

डॉक्टरबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. आईच त्यांना म्हणाली, खाली बघत, "मी पायाचं बोट हलवलं होतं."

"काय?"

"पायाला मुंगी आली होती. अंगठ्याजवळचं बोट हलवलं. एकदाच."

मला हे माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं, त्यांचा चेहरा सांगत होता. तिने डोळ्यावर कापड असताना, कुणाला कळणारही नाही असं पायाचं एक बोट हलवलं होतं, आणि आपला डोळा त्या बोटाने घालवला असं समजून ती आजवर जगली होती. घरात तो हिशेब मांडला गेला की ती चहा टाकायला उठत होती.

"काकू," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पायाच्या बोटाने हे होत नाही. तुम्ही हललात की नाही हे मला माहीत नाही, मी तिथे नव्हते. पण एवढं सांगते, तुम्ही दगडासारख्या पडून राहिल्या असतात तरी हे होऊ शकलं असतं. तेव्हा त्या डॉक्टरांना हे आतलं दिसत नव्हतं. त्यांच्याकडे असं बघायची सोयच नव्हती."

आईने डोळे पुसले नाहीत, काही नाही. तिने फक्त विचारलं, "आणि तुम्हाला दिसतां?"

"इथे बघा." त्यांनी स्क्रीनवर खालची रेघ दाखवली. मध्यावर ती पुसट होती. "ही रेघ पुसट आहे, की इथे रेघच नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही. मोतीबिंदूची सावली पडते. पण आमच्या ऑपरेशनच्या मायक्रोस्कोपलाच आता हा स्कॅनर जोडलेला आहे. म्हणजे मी काम करत असताना ही रेघ माझ्या डोळ्यांसमोर सतत चालू राहील. मशीन ऑपरेशन करणार नाही, ते मीच करणार. मशीन मला वेळेवर थांबायला सांगेल."

"आणि थांबून पण गेलो तर?" आई मालवणीतच विचारत होती, डोळो गेलो तर.

"जाऊ शकतो. शून्य धोका मी सांगणार नाही. पण नाही केलं तर तो हळूहळू जाणारच आहे, आणि भिंग कडक झालं की काढणं आणखी अवघड."

परतीच्या टॅक्सीत परळचा पूल उतरताना बाबा बाहेर बघत म्हणाले, "म्हणजे माका तेव्हा कोणी नीट सांगलाच नाय." आईने जळालेल्या हाताचा चट्टा झाकायला पदर ओढला, आणि बाबांनी तो पदर तिच्या खांद्यावर नीट करून दिला.

ती हो म्हणाली, पण अटीवर. भूल पूर्ण नको. डोळ्यापुरतीच. तिला कळायला हवं होतं की आपण काय करतोय. डॉक्टरबाईंनाही तेच हवं होतं. त्यांनी फक्त एक गोष्ट बजावली. खोकला आला, शिंक आली, काहीही झालं, तरी आधी "थांबा" म्हणायचं. मग त्या हत्यारं बाहेर घेतील. मग हवं तेवढं खोकायचं.

आणि आईने सराव सुरू केला. दुपारी जेवण झालं की ती हॉलमध्ये सतरंजीवर उताणी झोपे, तोंडावर पंचा टाके आणि निश्चल पडून राही. बाबा बाजूला खुर्चीत. मी शाळेतून सुटून गेले की हे दृश्य दिसे: पंच्याखाली आई, आणि तिच्या पायांच्या बोटांकडे टक लावून बसलेले बाबा. पहिल्या दिवशी ती घाबरून उठून बसली, श्वास कोंडतो म्हणाली. दुसऱ्या दिवशी घसा सुकून खोकला आला. "थांबा," ती पंच्याखालून म्हणाली. "थांबलो," बाबा म्हणाले. मग ती खोकली. ते दोघं इतक्या गंभीरपणे करत होते की मी दारातच उभी राहिले, आत गेले नाही.

ऑपरेशन सकाळचं होतं. आईला हिरवा गाऊन घातला, केसांवर टोपी, उजव्या भुवईवर पेनने खूण. आत जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही. तिचा दिसणारा डोळा औषधाने आधीच धुरकट झाला होता, वळून बघून काय दिसणार होतं.

बाहेर नातेवाइकांसाठी खोली होती आणि भिंतीवर टीव्ही. ज्यांना बघायचं त्यांनी बघा, नाहीतर बाहेर बसा, असं नर्सने सांगितलं. मला नको होतं. बाबा समोरच्या खुर्चीत जाऊन बसले म्हणून मीही बसले.

पडद्याचे दोन भाग होते. डाव्या भागात आईचा डोळा, भिंतभर, पापण्या चिमट्यांनी ताणलेल्या. उजव्या भागात काळं, आणि त्यात करड्या रेघा. डॉक्टरबाईंनी मला आदल्या भेटीत कागदावर काढून समजावलं होतं: वरची कमान म्हणजे बुबुळ, खाली भिंग, आणि सगळ्यांत खालची बारीक रेघ म्हणजे मागचा पापुद्रा. "ती सलग दिसली की तुम्ही श्वास घ्या," त्या हसत म्हणाल्या होत्या.

आवाज नव्हता. सुरुवातीला मी डाव्या भागाकडे बघत होते. बाजूने एक सूक्ष्म पातं आत शिरलं, मग पिशवीच्या पुढच्या बाजूला गोल तोंड पाडलं गेलं. आत पाणी सोडलं, पण भिंगाच्या गाभ्याभोवतीच, पापुद्र्यापर्यंत जाणार नाही असं. मग एक नळी आत आली आणि गाभा थोडाथोडा करून खेचू लागली. एरवी म्हणे हे पटापट होतं. इथे ते फार हळू चाललं होतं. नळी थांबे, उजवीकडची रेघ स्थिर होई, नळी पुन्हा जराशी पुढे जाई.

"कितपत झालां?" बाबांनी विचारलं.

"चाललंय."

गाभा गेला. आता उरला होता तो भोवतीचा मऊ थर आणि मध्यावरचा पांढरा ठिपका, बटणासारखा. उजवीकडे खालची रेघ आता स्पष्ट झाली होती. डावीकडून निघालेली रेघ मध्याकडे येत होती, उजवीकडून निघालेली मध्याकडे येत होती, आणि बटणाखाली... मी खुर्चीतून पुढे झाले. बटणाखाली मला रेघ दिसेना. सावली असेल, मी स्वतःला म्हटलं.

नळी थांबली. कितीतरी वेळ तिथेच थांबली. दुसऱ्या हत्याराने काहीतरी पारदर्शक, जाडसर आत सोडलं, मग हत्यारं बाहेर गेली. तेवढ्यात डावीकडचा सगळा डोळा एकदम गचकन हलला. हलला म्हणजे चित्रच हललं, जणू कुणी कॅमेऱ्याला धक्का दिला. मग टीव्हीवरचं चित्रच बदललं. तिथे एक हसरे आजोबा वर्तमानपत्र वाचत होते आणि खाली डोळ्यांची निगा कशी राखावी याच्या सूचना सरकत होत्या.

"बंद कित्याक केल्यानी?" बाबा उभे राहिले.

खोलीत आणखी एक कुटुंब होतं, त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. बाबा काचेच्या दारापाशी गेले, तिथून आत काही दिसत नव्हतं, तरी उभेच राहिले. आजोबांचं वर्तमानपत्र संपलं, मग एक मुलगी गाजर खाताना आली, मग पुन्हा आजोबा.

ती हलली, मला वाटलं. इतकं सगळं कळूनसुद्धा पहिलं तेच वाक्य मनात आलं. मी ते बाबांकडे बघून गिळलं. बाबांच्या तोंडावरही तेच होतं आणि तेही गिळत होते.

दार उघडून नर्स आली. "काकूंचे नातेवाईक ना? डॉक्टरांनी सांगितलंय, अजून वेळ लागेल. दुसऱ्या प्रकारची लेन्स बसवणार आहेत. काळजी करू नका." आणि ती गेली.

"दुसरी म्हणजे?" बाबांनी विचारलं.

मला माहीत होतं. पापुद्रा शाबूत असेल तर लेन्स पिशवीत बसणार होती. शाबूत नसेल तरच दुसरी, मोठी, पिशवीच्या पुढे टेकणारी. म्हणजे भोक होतं. डाव्या डोळ्यात होतं तसंच. आता प्रश्न एवढाच होता की त्या भोकातून काय मागे गेलं आणि काय पुढे आलं.

"म्हणजे जरा वेळ लागेल," मी म्हटलं.

ते माझ्या शेजारी येऊन बसले. आम्ही दोघंही त्या गाजर खाणाऱ्या मुलीकडे बघत राहिलो. कधीतरी माझ्या लक्षात आलं की बाबा हळू आवाजात, स्वतःशीच, "थांबलो, थांबलो," म्हणतायत.

डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. त्या बसल्या नाहीत, भिंतीला टेकल्या.

"भोक होतं," त्या म्हणाल्या. "जन्मतःचंच. गाभा काढल्यावर स्कॅनमध्ये कडा दिसल्या, दोन्ही बाजूंच्या. म्हणून मी बटणाला हात लावायच्या आधीच थांबले. एरवी मी ते सोलायला गेले असते आणि भोक फाटत गेलं असतं. जेल भरून ते झाकलं, मग बाकीचं कडेकडेने काढलं. मागे काही पडलेलं नाही. डोळ्याच्या मागच्या भागातला घट्टसर द्रव पुढे आलेला नाही. लेन्स नीट बसली आहे."

"आणि हलली ती?" हे बाबांनीच विचारलं. त्यांना राहवलं नसावं.

"खोकल्या. पण आधी थांबा म्हणाल्या. मी तोपर्यंत जेल भरून बाहेर आले होते, मग म्हटलं खोका. ते चित्र हललं ते तेव्हाचं असेल. पुढचं जरा बारीक काम होतं म्हणून मी टीव्ही बंद करायला सांगितला. घाबरलात का?"

बाबा मान हलवून नाही म्हणाले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला, घाम पुसल्यासारखा, आणि बराच वेळ तो तोंडावरून काढला नाही.

आईला चाकांच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. उजव्या डोळ्यावर प्लास्टिकचं झाकण. म्हणजे त्या घटकेला तिला दोन्ही डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला आणि बाबांनी तो धरला. हात कुणाचा हे तिला स्पर्शानेच कळलं असणार.

"मी सांगितलंय आधी," ती म्हणाली. "मगे खोकलंय."

"सांगल्यानी डॉक्टरांनी," बाबा म्हणाले. "बरोबर केलंस."

दुसऱ्या दिवशी झाकण काढलं. आईने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. खोलीतला सगळा उजेड तिच्यावर येत होता. डॉक्टरबाईंनी विचारलं, काय दिसतं. आई त्यांच्याकडे बघत म्हणाली, "तुमची कुंकवाची टिकली. आणि तुम्ही दमल्यासारख्या दिसता." लगेच सगळं स्वच्छ नव्हतं. सूज होती, थेंब होते, नजर स्थिरावायला आणि चष्मा मिळायला वेळ गेला. डोळ्याच्या पडद्यावर नजर ठेवायला अजूनही ठरावीक काळाने जावं लागतं. पण ती गॅस पेटवते, वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचते, आणि बाबांच्या दाढीत राहिलेले केस दाखवते.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण त्या पहिल्या तपासणीच्या वेळी डॉक्टरबाई एक वाक्य बोलल्या होत्या, ते मी मुद्दाम ऐकलं नव्हतं. हे घराण्यात चालतं, असं त्या म्हणाल्या होत्या. मला समोरून येणाऱ्या गाड्यांचे हेडलाइट डोळ्यांत फुटतात, बऱ्याच वर्षांपासून. वयामुळे असेल म्हणत मी स्कूटर विकून टाकली होती. आईचं सगळं मार्गी लागल्यावर तिनेच विषय काढला. "तू पण दाखव," म्हणाली, आणि माझ्याबरोबर आली.

मी हनुवटी टेकवली. मशीनने तोच करडा कांदा काढला. मध्यावर ठिपका होता, लहान, पण जागेवर. डॉक्टरबाईंना सांगावं लागलं नाही. मीच बोट ठेवलं.

"छोटा आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता काही करायचं नाही. दरवर्षी बघू. मुलगी आहे ना तुमची? तिलाही आणा."

आई भिंतीकडेच्या खुर्चीत बसली होती. "म्हणजे माझ्याकडसूनच गेलां ह्यां," ती म्हणाली. आवाज तोच होता, पायाच्या बोटाबद्दल सांगतानाचा. मला तो आवाज पुन्हा ऐकायचा नव्हता.

"तुझं नाकही माझ्याकडे आलंय," मी म्हटलं. "त्याचं काय करू?"

मुलीचे डोळे आम्ही तपासून घेतले. तिच्यात काही निघालं नाही. माझा ठिपका दरवर्षी मोजला जातो. मागच्या खेपेला तो जरासा वाढला होता, फार नाही.

औषध घालून बाहुली मोठी केली की काही तास सगळं पांढरं पांढरं दिसतं. माझा ठिपका पहिल्यांदा दिसला त्या दुपारी दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा दादरचा रस्ता माझ्यासमोर नुसता चकाकत होता. गाड्या, माणसं, फुलांचे ढीग, सगळं एकमेकांत मिसळलेलं. मी फुटपाथच्या कडेला थबकले. आईने माझं कोपर धरलं.

"थांब," ती म्हणाली. "टेम्पो येता." तो आमच्या अगदी जवळून गेला. "रिकामो असा रस्तो. आता चल."